चोवीस शब्द आणि स्टीलची पट्टी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा तळमजला पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर लोखंडी कपाट उघडलं, तर आतल्या फायलींचा लगदा झालेला. घराचं खरेदीखत, माझी दहावीची गुणपत्रिका, विम्याची कागदपत्रं, सगळं एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. पुढच्या वर्षभरात हेलपाटे घालून एकेक कागद परत मिळवला. खरेदीखताची नक्कल निबंधकांच्या ऑफिसातून मिळाली, गुणपत्रिका बोर्डाकडून मिळाली. कुठेतरी दुसरी नोंद होती आणि ती बघून शिक्का मारणारा माणूस होता, म्हणून जमलं.

हे आधी सांगतेय, कारण आज ज्या कागदाबद्दल, म्हणजे माझ्या बिटकॉइन या डिजिटल नाण्यांच्या किल्लीबद्दल, लिहितेय त्याची नक्कल देणारं ऑफिस जगात कुठेही नाही.

मी विश्रामबागेत संगणकाचे क्लास घेते. २०२० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं, बँकांना अशा नाण्यांच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगणारं परिपत्रक रद्द केलं, त्यानंतर क्लासमधली पोरं बिटकॉइनबद्दल विचारायला लागली. शिकवायचं तर आपल्याला कळलं पाहिजे, म्हणून मी दर महिन्याला थोडे थोडे पैसे घालायला सुरुवात केली. भिशीचा हप्ता असतो तेवढेच. २०२२ मध्ये नफ्यावर ३० टक्के कर आला, पाठोपाठ एक टक्का टीडीएस आला, तरी मी ते विकलं नाही. सगळं एका भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे ही नाणी घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजारात, पडून होतं. मोबाइल उघडायचा, पासवर्ड टाकायचा, ओटीपी टाकायचा, आकडा बघायचा. तो आकडा म्हणजे माझे पैसे, असंच वाटायचं.

२०२४ च्या जुलैत देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. माझं खातं दुसरीकडे होतं, पण ज्यांचं तिथे होतं त्यांचे पैसे काढणं बंद झालं. क्लासमधल्या एका माजी विद्यार्थ्याचेही अडकले. तो मला मोबाइल दाखवत होता. आकडा दिसत होता, पण खालचं बटण दाबलं जात नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की एक्स्चेंजवरचा आकडा म्हणजे त्यांनी आपलं देणं मान्य केलेलं असतं. ज्या किल्लीनं ती नाणी हलतात ती त्यांच्याकडे असते.

ती किल्ली स्वतःकडे ठेवायची तर हार्डवेअर वॉलेट घ्यावं लागतं. पेनड्राइव्हएवढं यंत्र, छोटा पडदा आणि दोन बटणं. पुष्कळांना वाटतं नाणी त्या यंत्रात असतात, तसं नाही. सासूबाईंना मी सातबाऱ्यावरून समजावलं. जमीन शिवारात असते, नोंद तलाठ्याकडे असते आणि खरेदीखतावर सही आपली लागते. बिटकॉइनची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली आहे, ती कुणीही बघू शकतो. हे यंत्र फक्त सही करतं. ज्या गुप्त आकड्यावरून ती सही बनते, तो आकडा यंत्रातल्या चिपमधून बाहेर येत नाही. संगणक व्यवहार तयार करून आत पाठवतो, यंत्र सही करून परत देतं. संगणकात व्हायरस असला तरी सहीचा आकडा त्याच्या हाती लागत नाही.

मी लेजर कंपनीचं नॅनो एस प्लस घेतलं. प्राग शहरातल्या एका कंपनीचं ट्रेझर हे याच्याही आधीचं, २०१४ पासूनचं आहे, तेही चांगलं आहे. कुठलं घ्यावं यावर मी वाद घालणार नाही. घ्यायचं ते कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून, नवं आणि न वापरलेलं, एवढं मात्र ठामपणे सांगते. ओळखीच्याचं जुनं नको आणि ऑनलाइन बाजारातलं स्वस्तातलंही नको. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले होते. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी पोस्टानं यंत्रं आली. हुबेहूब खोकं, आत चिठ्ठी, की सुरक्षेसाठी तुमचं यंत्र बदलून देत आहोत. उघडून बघणाऱ्यांना आत वेगळाच तुकडा डकवलेला सापडला.

खोकं आलं ते सील नसलेलं. मी दचकले. मग वाचलं की कंपनी मुद्दामच सील लावत नाही, कारण सीलची नक्कल कुणीही करू शकतो. अस्सलपणाची खात्री यंत्र जोडल्यावर होते. कंपनीचं अॅप त्या चिपला एक कोडं घालतं आणि त्याचं उत्तर कारखान्यात बसवलेल्या किल्लीशिवाय देता येत नाही. आपण बघायचं ते एवढंच की यंत्र आपल्याकडे कोरं आलंय ना. आधीच पिन ठरवलेला असेल किंवा कार्डावर आधीच शब्द लिहिलेले असतील, तर ते यंत्र परत पाठवायचं.

पहिल्या संध्याकाळी मुलगी पुण्याहून आली होती. तिच्या लॅपटॉपवर लेजर लाइव्ह अॅप उतरवलं आणि यंत्र जोडलं. पडद्यावर स्वागत आलं. एक बटण मागे जायला, एक पुढे जायला आणि दोन्ही एकदम दाबली की निवड होते. आधी पिन. चार ते आठ आकडी घेता येतो, मी आठ आकडी घेतला. मग एकेक शब्द दिसायला लागला. इंग्रजी शब्द, रोजच्या वापरातले. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, २०१३ मध्ये ठरवलेली. यंत्र स्वतः एक प्रचंड मोठा यादृच्छिक आकडा काढतं आणि तो त्या यादीतल्या २४ शब्दांत मांडून दाखवतं. यंत्र हरवलं, मोडलं, पुरात गेलं, तरी नव्या यंत्रात हे २४ शब्द त्याच क्रमानं घातले की सगळं परत येतं. दुसऱ्या कंपनीचं यंत्र असलं तरी चालतं. आणि तेच शब्द दुसऱ्याच्या हाती गेले, तर त्याला ना तुमचं यंत्र लागतं, ना पिन.

खोक्यातल्या कार्डावर मी ते लिहून घेतले. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवला होता, फोटो काढायचा मोह नको म्हणून. मुलीलाही बाहेर पाठवलं. तिला राग आला.

"आई, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

"तुझ्यावर आहे. पण तू चुकून कुणाला सांगितलंस तर दोष तुझ्या माथी येईल, ते मला नकोय. सांगायची वेळ येईल तेव्हा नीट सांगेन."

शब्द लिहून झाले, यंत्रानं परत एकेक विचारून ताडून घेतले. लेजर लाइव्हनं यंत्र अस्सल आहे असं सांगितलं. मी कार्ड कपाटात ठेवलं आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासला सुट्टी होती. मुलगी लॅपटॉप घेऊन पुण्याला गेली होती. मी यंत्र पर्समधून नेलं, कार्डही नेलं. कार्ड न्यायची काहीच गरज नव्हती, पण ते घरात ठेवायला मन धजेना. क्लासच्या संगणकावर अॅप नव्हतं. मी गूगलवर कंपनीचं नाव टाकलं आणि पुढे सवयीनं 'लॉगिन' असा शब्द लिहिला. सोळा वर्षं मुलांना मी तेच शिकवत आलेय, कुठेही जायचं तर आधी लॉगिन.

पहिलाच दुवा उघडला. तोच रंग, तसंच चिन्ह, तीच अक्षरं. पानावर लिहिलं होतं की यंत्राची जोडणी तुटली आहे, ओळख पटवण्यासाठी तुमचे २४ शब्द भरा. खाली चोवीस चौकटी, नीट क्रमांक घातलेल्या. मी कार्ड समोर ठेवलं. पहिला शब्द टाइप केला. दुसरा टाइप केला. तिसऱ्यासाठी कार्डाकडे बघितलं, तेव्हा त्याच कार्डाच्या मागच्या बाजूचा मजकूर आठवला. आदल्या रात्री मी तो दोनदा वाचला होता. हे शब्द यंत्राशिवाय दुसऱ्या कुठेही भरू नका.

हात थंड पडले. वर पत्त्याच्या पट्टीकडे बघितलं. कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. मागे जाऊन बघितलं तर त्या दुव्याच्या वर बारीक अक्षरात 'जाहिरात' असं लिहिलेलं होतं.

मी संगणकाची वायर ओढली. म्हणजे खरोखर भिंतीतून प्लग काढला.

बावीस शब्द अजून माझ्याकडेच होते, एक्स्चेंजवरून एक पैसाही हलवलेला नव्हता. फक्त दोन शब्दांवरून कुणी काही काढू शकत नाही, हे मला माहीत आहे. तरी संध्याकाळी घरी येऊन मी ते कार्ड गॅसवर धरून जाळलं आणि यंत्र कोरं करून नवे चोवीस शब्द घेतले. अशी पानं 'पुढे' हे बटण दाबेपर्यंत थांबत नाहीत, टाइप केलेलं एकेक अक्षर तिकडे जाऊ शकतं. आणि मी किती शब्द टाइप केले होते, याबद्दल मला स्वतःच्या आठवणीवर विसंबायचं नव्हतं. एक शब्द बाहेर गेला तरी सगळे चोवीस बदलायचे, हा नियम मी त्या रात्री स्वतःला घातला.

हे लिहायला बसले ते मुख्यतः या प्रसंगासाठी. हार्डवेअर वॉलेटला लॉगिन नसतं. वापरकर्त्याचं नाव नसतं, पासवर्ड नसतो, 'पासवर्ड विसरलात का' हा दुवा नसतो. यंत्र जोडायचं, यंत्रावरच पिन टाकायचा, अॅप उघडायचं, झालं. ते अॅप कंपनीच्या संकेतस्थळावरून, पत्ता स्वतः अक्षर अक्षर टाइप करून, एकदाच उतरवायचं. त्यामुळे या वॉलेटचं लॉगिन पान म्हणून जे काही समोर येतं आणि शब्द मागतं, ते खोटंच असतं. दहातली नऊ खोटी, असंही नाही, दहाची दहा. फोनवर बोलणारा कस्टमर केअरवाला शब्द मागत असेल तर तो चोर. ईमेल मागत असेल तर तेही खोटं. कंपनीला तुमच्या शब्दांची कधीच गरज पडत नाही, कारण तुमच्यासाठी तिच्याकडे काही ठेवलेलंच नसतं.

पिनबद्दल थोडं. माझ्या यंत्रात तीनदा चुकीचा पिन टाकला की यंत्र कोरं होतं. ट्रेझरमध्ये प्रत्येक चुकीनंतर थांबण्याची वेळ वाढत जाते आणि ठरावीक चुकांनंतर सगळं पुसलं जातं. दोन्हींचा अर्थ एकच. पिन फक्त त्या यंत्राचं कुलूप आहे. चोरानं यंत्र नेलं तर तो पिनपाशी अडतो, आणि आपण शब्दांवरून दुसऱ्या यंत्रात सगळं परत उभं करतो.

आता पैसे हलवायची वेळ आली. आधी सीएंना विचारलं. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं ही विक्री नव्हे, पण तारीख, रक्कम आणि खरेदीच्या किमतीचे पुरावे जपून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. मग अॅपमध्ये 'रिसीव्ह' दाबलं. लॅपटॉपवर एक पत्ता आला, बँकेच्या खाते क्रमांकासारखा, ४२ अक्षरं आणि आकडे. तोच पत्ता यंत्राच्या पडद्यावरही आला. ही दोन्ही ताडून बघायची असतात, आणि पुष्कळ लोक इथेच कंटाळा करतात. संगणकात असा व्हायरस असू शकतो की आपण कॉपी केलेला पत्ता चिकटवताना तो गुपचूप बदलतो. सुरुवातीची चार आणि शेवटची चार अक्षरं सारखी दिसतील असे पत्तेही चोर बनवून ठेवतात. म्हणून सगळी ४२ बघायची. शनिवारी मुलगी आली होती. ती लॅपटॉपवरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती आणि मी यंत्राच्या पडद्यावर अक्षराखाली नख ठेवून 'हं, हं' म्हणत होते. दोनदा केलं. दुसऱ्यांदा मी वाचलं, तिनं नख ठेवलं. पत्ता गुप्त नसतो, तो कुणीही ऐकला तरी चालतो, म्हणून या कामाला माणूस सोबत घेता येतो.

आधी चार-पाच हजारांचीच रक्कम पाठवली. एक्स्चेंजनं ओटीपी मागितला, हे वॉलेट कुणाचं आहे तेही विचारलं. अर्ध्या तासानं अॅपमध्ये रक्कम दिसली, पाठोपाठ एक, दोन, तीन अशी पुष्टी वाढत गेली. साधारण दर दहा मिनिटांनी बिटकॉइनच्या नोंदींच्या साखळीत व्यवहारांचा एक नवा ठोकळा जोडला जातो, त्याप्रमाणे ती वाढते.

बाकीचे लगेच पाठवायचे नव्हते. शब्द खरोखर चालतात का, हे बघायचं होतं. पैसे थोडे आहेत तोवरच बघायचं, नंतर धीर होत नाही. मी मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाकला. पडद्यावर यंत्र कोरं झाल्याचा संदेश आला आणि पहिल्या दिवसाचं ते स्वागत परत आलं. पोटात गोळा आला, हे खरं. मग शब्दांवरून परत उभं करण्याचा पर्याय निवडला. दोन बटणांवर अक्षरं फिरवत एकेक शब्द भरायचा. दोन-तीन अक्षरं टाकली की यंत्रच पुढचे जुळणारे शब्द सुचवतं. चोविसावा शब्द भरला आणि यंत्र म्हणालं, शब्द बरोबर नाहीत.

मी परत भरले. परत तेच.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. हे झोपले होते, सासूबाई देवघरात वाती करत बसल्या होत्या. मी जमिनीवर बसून कार्ड दिव्याखाली धरलं. त्या चोविसाव्या शब्दात पडताळणीचा भाग असतो. आधीच्या शब्दांत एक जरी चुकला तरी हिशेब जुळत नाही आणि यंत्र जवळजवळ नक्कीच पकडतं. म्हणजे कुठला तरी शब्द मी चुकीचा वाचत होते. सापडला तो अर्ध्या तासानं. माझा खरा शब्द इथे लिहिणार नाही, पण घोटाळा सांगते. यादीत 'वुड' आहे आणि 'वूल'ही आहे. मी धावत्या लिपीत लिहिलं होतं आणि शेवटच्या अक्षराचं पोट शाई कमी पडून पुसट झालं होतं. पहिल्या दिवशी यंत्रानं ताडून घेतलं होतं खरं, पण तिथे पडद्यावरच्या शब्दांतून निवडायचं असतं, त्यामुळे कागदावरचं वाईट अक्षर तिथे पकडलं जात नाही.

शब्द दुरुस्त करून भरले. अॅप उघडलं. चार-पाच हजारांची ती रक्कम जागच्या जागी होती.

त्या रात्री हा सराव केला नसता, तर तो पुसट शब्द चार-पाच वर्षांनी, यंत्र बंद पडल्यावर, सगळी बचत आत असताना सापडला असता. कदाचित मी नसताना मुलीला सापडला असता, आणि तिला तर माझं अक्षर माझ्याएवढंही लागत नाही.

नंतर प्रश्न आला कागदाचा. कपाटातली ती वीट माझ्या डोळ्यांसमोरून गेलेली नव्हती. सासरे अण्णा हरिपूरच्या हळदीच्या पेवांबद्दल सांगायचे. जमिनीखाली खोल खड्डा, तोंड अरुंद, आत ऐसपैस. हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं किडा लागत नसे. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती पद्धत, पण २००५ च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं कायमची गेली. अण्णा म्हणायचे, हळद कोरडी ठेवायची सगळी युक्ती आम्हाला ठाऊक होती, पण नदी वरून येईल हे धरलंच नव्हतं. सांगलीत राहून काही जपून ठेवायचं तर पाणी धरूनच चालावं लागतं.

आमचे हे कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला आहेत. त्यांनी स्टेनलेस स्टीलच्या तीन मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या कापून, कडा घासून आणल्या. अक्षरांच्या पंचांचा सेट हार्डवेअरच्या दुकानातून आणला, सत्तावीस खिळ्यांचा. ते म्हणाले, "दे इकडे, कारखान्यात दहा मिनिटांत मशीनवर कोरून आणतो." नाही म्हटलं. मशीनवर कोरायचं तर शब्द संगणकात टाकावे लागतात, आणि दुसऱ्याच्या हातून ठोकून घ्यायचं तर ते त्याच्या डोळ्यांखालून जातात.

एक सोय या यादीतच आहे. २०४८ शब्दांत पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्द नाहीत. म्हणजे प्रत्येक शब्दाची चारच अक्षरं ठोकली की पुरे. तरी नव्वदच्या आसपास ठोके होतात, आणि दोन पट्ट्यांचे दुप्पट. स्टेनलेस स्टील कडक असतं. खिळा सरळ उभा धरायचा, एकच जोरदार घाव, दुसरा घातला तर अक्षर दुहेरी उमटतं. आधी ह्यांनी टाकाऊ तुकड्यावर दाखवलं, मग ते वर झोपायला गेले. पाट्याखाली गोणपाट घातलं, त्यावर पट्टी ठेवली आणि मी सुरू केलं. तिसऱ्या ओळीला सासूबाई उठून आल्या.

"एवढ्या रात्री काय ठोकायलीस गं?"

"आपलं थोडं साठवलेलं आहे आई, त्याची किल्ली करायलेय."

त्या थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. "हाताला लाव, फोड येतील." इंग्रजी वाचता येत नाही त्यांना, तरी मी पट्टीवर पदर टाकला. त्यांनी ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनीच मला सांगितलं, की त्यांच्या सासूनं नथ कुठे पुरून ठेवली होती ते अण्णांनासुद्धा शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

पट्ट्या दोन झाल्या. कुठे आहेत ते लिहीत नाही. एक घरातच आहे, पण २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या पुष्कळ वर. दुसरी कृष्णेचं पाणी पोचत नाही अशा गावात, माझ्या माणसाकडे, बंद डब्यात. पट्ट्यांवरून एकदा यंत्र परत उभं करून बघितलं, कागद जाळला, मग एक्स्चेंजवरचं बाकीचं सगळं तीन टप्प्यांत हलवलं. पंचविसावा म्हणून स्वतःच्या मनाचा एक शब्द जोडायचीही सोय असते. मी ती घेतली नाही. तो शब्द विसरला तर पट्टी असूनही उपयोग नाही, आणि माझ्यामागे मुलीला ते आणखी एक कोडं नको.

रोजचा वापर असा काहीच नाही. महिन्यातून एकदा, क्लासची फी जमा झाली की थोडं घेते आणि दोन-तीन महिन्यांचं एकदम यंत्रावर हलवते. यंत्र जोडते, पिन टाकते, अॅप उघडते. दर वेळी पत्ता ताडते, दर वेळी सगळी अक्षरं. २०२५ च्या फेब्रुवारीत बायबिट या एक्स्चेंजवरून सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेव्हा सही करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही भलत्याच गोष्टीवर झाली. त्या लोकांकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ज्ञान होतं. म्हणून मी यंत्राच्या त्या बोटभर पडद्यावर जे वाचता येत नाही त्यावर बटण दाबत नाही. लॅपटॉप काहीही दाखवो.

क्लासमध्येही मी आता एक तास वेगळा घेते. मुलांना मोबाइल बाजूला ठेवायला सांगते आणि फळ्यावर त्या खोट्या पानाचं चित्र काढते, चोवीस चौकटींसकट. मी दोन चौकटी भरल्या होत्या, हेही सांगते.

मुलीला सांगायची वेळ दिवाळीत आली. ती नोकरीला लागली आहे, समज आली आहे. पट्टी तिच्या हातात दिली, यंत्र दिलं, आणि काय करायचं ते एका वहीच्या पानावर लिहून दिलं. शब्द सोडून बाकी सगळं, पायरी पायरीनं, मराठीत. मी नाही असं धर आणि उघडून दाखव, म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, पण काही बोलली नाही. वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मोबाइल खाली ठेवून गेली, ते मी बघितलं.

मी स्वयंपाकघरात चकलीचं पीठ मळत होते. वरून काहीच आवाज येत नव्हता. सासूबाईंनी दोनदा विचारलं, पोरगी जेवायला का येत नाही. पंचवीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. चकल्यांचा पहिला घाणा तेलात सोडला तेव्हा जिन्यावरून तिची हाक आली.

"आई, उघडलं."

मी गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातानंच वर गेले. यंत्राच्या पडद्यावर पत्ता होता, लॅपटॉपवर तोच. ती दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होती आणि तिचं नख सव्विसाव्या अक्षराखाली होतं.